धारेची बाजू

पुस्तकबांधणीचा छोटा कारखाना चालवणाऱ्या त्या बाइंडरला चाकूंचं वेड होतं. कपाटात मांडून पाहुण्यांना दाखवायचं वेड नव्हे, त्याचे चाकू कामाचे होते. तेवीस घडीचे चाकू, सगळे जुने, सगळे कुणाच्या ना कुणाच्या खिशात आयुष्य काढून आलेले. शिंगाच्या मुठीचे, लाकडी मुठीचे, एक हाडाचा, एक पितळेचा. कापडाच्या गुंडाळीत प्रत्येकाला कप्पा होता. रोज सकाळी दाढी झाली की तो गुंडाळी उलगडायचा, एक चाकू निवडून पँटच्या उजव्या खिशात टाकायचा आणि मगच चहा घ्यायचा. त्या दिवशी सुतळी, पेन्सिल, सफरचंद, जे काही कापायचं ते त्याच चाकूनं. संध्याकाळी पुसून, तेलाचं बोट फिरवून परत कप्प्यात.

"आज कोणत्या सवतीची पाळी?" बायको विचारायची. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि हा विनोदही जवळपास तितकाच जुना होता. तो दर वेळी हसायचा.

चोविसावा चाकू त्याला एका म्हाताऱ्या बाइंडरच्या घरी दिसला. म्हातारा वारला होता आणि त्याची बायको हत्यारं काढून टाकत होती. दाबयंत्र, टाके घालायची चौकट, सुयांचा डबा असं सगळं दारात मांडलं होतं. चाकू मात्र तिनं खिडकीत वेगळा ठेवला होता. काळ्या लाकडाची मूठ, आखूड रुंद पातं. चामड्याची कड तासायचा चाकू, पण घडीचा. असा चाकू बाइंडरनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

"तो द्यायचा नाही," बाई म्हणाल्या.

पण त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. तीन खेपा घातल्या, गळ घातली, विनवण्या केल्या. शेवटी बाई कंटाळल्या. "न्या. पण धार आहे त्या बाजूलाच ठेवा. बदलू नका."

"नाही बदलणार," तो म्हणाला. आणि दुसऱ्याच दिवशी बदलली.

त्याचं कारण सरळ होतं. चामडं तासायच्या चाकूला दोन बाजूंनी धार नसते. पात्याचं एक अंग सपाट असतं आणि दुसऱ्या अंगाला उतार. उजव्या हातानं काम करणाऱ्याला उतार उजव्या अंगाला लागतो, डावखुऱ्याला डाव्या. उलट्या हातात तो चाकू नुसता घसरतो. या चाकूचा उतार डावीकडे होता आणि बाइंडर उजवा होता. न वापरता खिशात चाकू बाळगणं म्हणजे त्याच्या मते चाकूचा अपमान. रविवारची अख्खी सकाळ तो दगडावर पातं घासत बसला आणि उतार उजवीकडे आणला. सोमवारी कारखान्यात त्यानं त्या चाकूनं चामड्याची कड तासली, तर कांद्याच्या सालीसारखी पातळ निघाली. त्या दिवसापासून बाकीचे तेवीस चाकू गुंडाळीतच राहिले.

गुरुवारी चाकू घसरला. त्यानं पातं उजेडाकडे धरलं. उतार डावीकडे होता.

त्याची पहिली नजर गेली ती मेव्हण्याकडे. मेव्हणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षं समोरच्याच टेबलावर काम करत होता. आणि तो डावखुरा होता.

"माझ्या चाकूला हात लावलास?"

"कोणता चाकू, दाजी?"

त्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पण काही नसलेला चेहराच बाइंडरला खटकला. त्यानं घरी येऊन उतार पुन्हा उजवीकडे घासला आणि कुणाला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी सकाळी बघतो, तर परत डावीकडे. चाकू खिशात होता, पँट खुंटीला, खुंटी झोपायच्या खोलीत. मेव्हणा तिथं कसा येणार? त्या खोलीत दोघंच झोपत होती.

हा विचार मनात आला तेव्हा त्याची त्यालाच लाज वाटली. पण लाज संध्याकाळपर्यंत टिकली आणि विचार टिकून राहिला. तो बायकोच्या हातांकडे बघू लागला. तिच्या नखांत काळं काही दिसतं का, दगड ओला आहे का, ती भावाशी फोनवर बोलताना आवाज खाली का आणते, तो खोलीत आला की बोलणं का थांबतं. पूर्वीही थांबत असेल; त्यानं कधी लक्ष दिलं नव्हतं. आता खिशात हात घालून, मुठीवरून अंगठा फिरवत तो दाराआड उभा राहायचा आणि ऐकायचा. अंगठ्याखाली लाकूड कायम कोमट लागायचं.

"अहो, तुम्ही हल्ली असे मागे का उभे राहता?" एकदा तिनं दचकून विचारलं.

"का? तुला अडचण होते?"

जेवताना ताट त्याच्यासमोर ठेवून ती पलीकडच्या खुर्चीत बसली. नेहमी ती त्याच्या शेजारी बसायची.

पाचव्यांदा धार फिरली त्या दिवशी त्याचा तोल गेला. भाऊबहीण मिळून आपल्याला वेड्यात काढताहेत, कारखाना मेव्हण्याच्या घशात घालायचा डाव आहे, असं बरंच काही तो बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"सव्वीस वर्षांनी माझ्यावर संशय घेताय," ती हळू आवाजात म्हणाली. "तेही एका चाकूवरून."

तिनं पिशवी भरली आणि भावाकडे निघून गेली. मेव्हणाही कारखान्यात यायचा बंद झाला.

घर रिकामं झालं. बाइंडरनं उतार उजवीकडे घासला, दाराला आतून कडी लावली आणि चाकू उशाखाली ठेवून झोपला. सकाळी तो डावीकडे होता.

शहाणा माणूस इथं थांबला असता. पण संशय एकदा घरात शिरला की त्याला खायला लागतंच काहीतरी. मेव्हण्यानं नक्की दुसरी किल्ली करून घेतली असणार. कडीचं काय, ते त्यानं मनातून झटकून टाकलं. मेव्हणा त्या म्हाताऱ्या बाईंना भेटला असेल, चाकूची माहिती काढली असेल, पुरावा तिथं मिळेल, असा हिशोब करून चौथ्या दिवशी तो भर दुपारी बाईंच्या दारात उभा राहिला.

बाईंनी त्याला आत घेतलं नाही. दार अर्धं धरूनच बोलल्या.

"माझ्याकडे कुणी आलं नाही. तुम्ही धार बदललीत ना?"

"बदलली. पण काकू, ती सारखी डावीकडे होते. कुणीतरी घासतंय."

"पातं मोजलंत?"

ज्याच्या खिशात पट्टी असते, जो कागदाच्या केसभर फरकावरून ओरडतो, त्यानं पातं पुन्हा मोजलं नव्हतं. त्यानं दारातच पट्टी काढली. चाकू आणला त्या दिवशी सवयीनं माप घेतलं होतं: सव्वीस मिलिमीटर. त्यानं स्वतः सहा वेळा घासलं होतं; कुणी उलट घासलं असतं तर आणखी सहा वेळा. पातं निम्मं व्हायला हवं होतं. पट्टीवर सव्वीस भरले.

"म्हणजे... कुणीच घासत नाहीये," तो म्हणाला.

"आमचे हे उजवेच होते," बाई म्हणाल्या. "त्यांचीही अशीच फिरायची. सकाळी बघावं तर डावीकडे. मीच करते म्हणायचे. मला भावाकडे पाठवलं होतं चार दिवस. मग एक दिवस फिरायची थांबली. उजवीकडेच राहिली. त्या दिवशी ते मला न्यायला आले. फार पश्चात्ताप झाला होता हो... डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या."

त्यांनी बाही वर केली. कोपरापासून मनगटापर्यंत पांढरा, उंचावलेला व्रण होता. पातळ. चामडं तासल्यासारखा.

"डाव्या धारेनं उजव्या हाताला काही करता येत नाही," बाई म्हणाल्या. "ती फिरत होती तोवर कुणीतरी अडवत होतं. कोण, ते मला कधी कळलं नाही. पुढे ह्यांनी स्वतःच डावी करून ठेवली आणि पुन्हा हात लावला नाही. तुमची धार आज कुठं आहे?"

त्यानं पातं वळवून दाखवलं. डावीकडे होती.

"मग आत्ताच ठेवून जा. इथंच."

त्यानं चाकू मिटला. द्यायचाच होता, हात पुढेही झाला. पण मूठ तळव्यात इतकी चपखल बसली होती, आणि रिकाम्या खिशानं तो तीस वर्षांत कधी रस्त्यावर चालला नव्हता. "उद्या आणून देतो," तो म्हणाला. "नक्की."

बाईंनी वाद घातला नाही. दार लावलं. आतून कडीचा आवाज आला, मग दुसऱ्या कडीचा.

मेव्हण्याच्या घराचा जिना चढताना त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं होतं. त्यानं दोघांची माफी मागितली. मेव्हण्यासमोर हात जोडले. "माझी मती फिरली होती," तो म्हणाला, आणि ते मनापासून म्हणाला. बायकोला बघून त्याला रडूच आलं.

"दाजी, पुरे आता," मेव्हणा अवघडून म्हणाला. "ताई, जा तू. चार दिवस नुसती खिडकीत बसून होतीस."

तिनं पिशवी उचलली. त्यानं ती घ्यायला हात पुढे केला, तर ती म्हणाली, "राहू दे, हलकी आहे." आणि हसली. किती दिवसांनी हसली होती ती.

जिन्यावर ती पुढे होती, तो दोन पायऱ्या मागे. वरच्या झरोक्यातून दुपारचं पिवळं ऊन तिच्या मानेवर पडलं होतं. घरी जाऊन काय करायचं, किराणा आणायचा आहे का, असं काहीबाही ती बोलत होती. तो हं हं करत होता. एकदा मध्येच त्याला वाटलं, ही खिडकीत कुणाची वाट बघत होती चार दिवस?

तेवढ्यात खिशात काहीतरी टोचलं. त्यानं हात घातला.

चाकू उघडलेला होता. तो त्यानं उघडला नव्हता. पातं इतकं घट्ट होतं की एका हातानं उघडताच आलं नसतं. त्याचा अंगठा आपोआप पात्यावरून फिरला. डावं अंग सपाट होतं. उतार उजवीकडे होता.

"का थांबलात?" ती वळली नाही, नुसती थांबली.

"काही नाही. तू हो पुढे. तू... जरा लवकर उतर."

आता ती वळली. त्याच्या चेहऱ्याकडे बघून एक पायरी वर आली, काळजीनं.

"बरं वाटत नाहीये का? आणि खिशात काय धरलंय? हात काढा बघू बाहेर."

"नको," तो म्हणाला. "नको सांगू तसं..."

पण त्याचा हात निघाला होता.