पोळ्याच्या रातीचे पतंग

पायल, संघर्ष, इकडं जवळ बसा. लाईट राहू द्या बंद. हे ऐकीव नाई. माह्या भाडेकरूसंग झालेलं हाय.

प्रसेनजित त्याचं नाव. जळगाव जामोदच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवे. वरच्या खोलीत तो अन् त्याची बायको सारिका, दोघंच. मे महिन्यात सारिका तापानं गेली. तीन दिवसांत. प्रसेनजित रडला नाई. जलदानाचा विधी झाला अन् दुसऱ्या दिवशी कॉलेजात गेला. तुमच्या आजीनं ताट नेलं तर जेवे, नाई नेलं तर मागे नाई.

२०२४ चा पोळा. दोन सप्टेंबर, सोमवार. अमावस्या. काळोख असला की रातचे पतंग लाईटवर जास्त येतात, म्हनून पतंगांच्या नोंदी घ्याले त्यानं तीच रात धरली. वनखात्याची परवानगी काढली, संग वनमजूर राम. सातपुड्याच्या पायथ्याशी सागाच्या दोन झाडांमंधी पांढरी चादर बांधली. समोर मोठा बल्ब, मांगं छोटं जनरेटर. चादरीवर पतंग बसला की फोटो काढाचा, वहीत लिहाचं. एवढंच काम.

आठले सुरू झालं. दहापर्यंत चादर भरली. तपकिरी, हिरवे, काही तर तळहाताएवढे.

"सर, लय आले हो!" राम म्हने.

"हं," म्हने हा, अन् लिहीत जाये.

अकरा चाळीसले पतंग उडाले. सगळे. एकदम.

अन् बसले... चादरीच्या अलीकडं. हवेत.

रामले पह्यलं समजलंच नाई. खाली आधार नाई, मांगं काही नाई. अन् पतंग पंख मिटून गपचूप बसलेले. सगळे मिळून मानसाचा आकार. डोकं. खांदे. बाजूले सोडलेले हात.

"सर... कोन हाय ते?"

"बल्ब हलवू नको."

"सर, चाला ना... जाऊ."

"तू जीपमंधी बस."

राम गेला नाई. टॉर्च धरून जागीच उभा राह्यला. प्रसेनजितनं वही खाली ठेवली. समोर जाऊन उभा राह्यला. हातभर अंतर. त्या आकाराची उंची याच्या हनुवटीएवढी.

"सारिका?"

...

पंख हलले. बस.

जनरेटर बंद पडलं. पेट्रोल होतं, तरी. अंधार. पंखांचा आवाज आला... मंग तोही नाई.

रामनं टॉर्च लावली. हवेत काही नाई. चादर कोरी. हा तसाच उभा.

पहाटे घरी आला. मी अंगनात होतो. हजेरी घेतल्यावानी सगळं सांगितलं त्यानं.

"भेव नाई वाटलं?" मी विचारलं.

"नाई काका. आनंदबी नाई वाटला. ती असन समोर, तरी मले काहीच वाटलं नाई." चपला काढल्या. "आता त्याचंच भेव वाटून राह्यलं."

अन् जिन्याकडं वळला.

मी म्हनलं, थांब.

शर्टाच्या पाठीवर पतंगांनी अंडी घातली होती. खसखशीवानी बारीक, कापडाले चिकटलेली. विखुरलेली नाई... पंजा होता. चार बोटं. अंगठा.

एवढुसा पंजा. लेकराचा.

काय म्हनली, पायल?

...नाई माय. त्यायले लेकरू नव्हतं.