चौथी खिडकी

टर्पेंटाइन संपलं होतं म्हणून सूनबाई दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन आली. जाताना बबडीला कडेवर घेतलं होतं, येतानाही घेतलं. चार वर्षांच्या पोरीला एकटं सोडायचं म्हटलं की तिच्या जिवावर यायचं. फोटोचं दुकान म्हणजे टाचण्या, दिव्यांच्या वायरी, रंगांचे डबे. पोर कशात हात घालेल, काही नेम नाही. नवरा त्याच्या वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेला होता. संध्याकाळपर्यंत दुकान तिच्याच गळ्यात.

हल्ली दुकानात ओळखपत्राच्या फोटोंपलीकडे काही चालत नसे. लोक येत ते मागच्या खोलीतल्या बससाठी. सासऱ्यांनी तरुणपणी प्लायवूडच्या भल्या मोठ्या फळीवर ती रंगवली होती. लाल बस, पिवळा पट्टा, चार खिडक्या. तीन खिडक्या कापून आरपार केलेल्या. फळीमागच्या बाकावर उभं राहून मुलं त्यातून तोंड बाहेर काढत, की झाला फोटो. चौथी, सगळ्यांत मागची, नुसती रंगवलेली. निळी काच, त्यावर वार्निश, आणि मागे अख्खं लाकूड.

सासरे एरवी तुटक बोलायचे, पण बसचा विषय निघाला की खुलायचे. "गाडी पळताना दाखवायची ना, सूनबाई, तर झाडं मागे वाकवायची. धूळ उठवायची. माणसांचे केस उडते काढायचे. बघणाऱ्याला वाटलं पाहिजे, निघाली!"

"मग चाकांखाली सावली का नाही दिली, बाबा?"

सासऱ्यांचा चेहरा उतरला होता. "सावली द्यायची नाही. सावली दिली की गाडी जमिनीला टेकते. आणि टेकलेली गाडी... थांबत नाही मग."

म्हातारपणाचं खूळ, असं म्हणून तिने ते सोडून दिलं होतं.

त्या दुपारी एक बाई मुलाला घेऊन आल्या. बस बघून त्यांना हसूच आवरेना. "अहो, ही बस आहे की विमान? हवेत तरंगतेय की! नको बाई, लोक हसतील." आणि फोटो न काढताच गेल्या.

सूनबाईला ते झोंबलं. आधीच गिऱ्हाईक देव भेटावा तसं क्वचित. तिने काळ्यात थोडा तपकिरी कालवला, फळीपुढे बसकण मारली आणि चाकांखाली सावली ओढली. चार फटकारे मारले असतील नसतील. बस एकदम जड झाली. वरून कुणी अलगद खाली ठेवावी तशी टेकली. तिला स्वतःच्याच हाताचं कौतुक वाटलं.

बबडी मागे बाकावर चढून कंडक्टर झाली होती. "चला चला, पुढे सरका! तुम्ही हो, ताई, तिकीट?"

"द्या बाई एक," दारात ब्रश पुसता पुसता सूनबाई म्हणाली. "आजीच्या गावाचं."

"तिकडे नाही जात ही."

"मग कुठे जाते?"

बबडीने हवेतच एक तिकीट फाडलं.

खोलीत जळक्या तेलाचा वास आला. सूनबाईने टर्पेंटाइनची बाटली हुंगली. तो वास बाटलीचा नव्हता. मग ब्रशाच्या भांड्यातलं टर्पेंटाइन थरथरू लागलं. एकात एक बारीक वलयं उठली.

"बबडे, बाक हलवू नको गं. पडशील."

"मी नाही हलवत..."

पहिल्या खिडकीत पोरीचा चेहरा दिसला. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या. मग तिन्ही रिकाम्या.

सूनबाई फळीमागे गेली. बाक होतं. बाकाखाली एक छोटी चप्पल होती. पोर नव्हती. खोलीला दार एकच, आणि त्या दारात तर ती स्वतः उभी होती.

"आई..."

हाक पुढून आली. ती धावत पुढे आली.

चौथ्या खिडकीत बबडी होती. निळ्या काचेच्या आत, वार्निशच्या खाली. दोन्ही तळवे काचेला टेकलेले. खोलीत वाऱ्याची झुळूकही नव्हती, पण पोरीचे केस मागे उडत होते.

सूनबाईने फळीवर मुठी आपटल्या. ठक्, ठक्. नुसतं लाकूड वाजलं. आत चेहरा लहान होत चालला होता, दूर जाणाऱ्या गाडीतल्या माणसाचा होतो तसा.

टेकलेली गाडी थांबत नाही...

तिने बाटली उचलली आणि अख्खी चाकांवर ओतली. फडक्याने, मग नुसत्या हातांनी, नखांनी ती सावली खरवडत सुटली. "बबडे! उतर! खाली उतर गं माझे आई!"

कुठेतरी ब्रेक करकचून लागले. फळीमागे धप्प आवाज झाला.

पोर जमिनीवर बसली होती. केसांत धूळ, भुवयांवर धूळ. सूनबाईने तिला छातीशी घट्ट धरलं.

"मला ताईने उतरवलं," बबडी म्हणाली.

"कोण ताई?"

"बसमधली. ती म्हणाली, तुझी आई हाक मारतेय, उतर. म्हणाली, मला कुणी हाकच मारली नाही."

संध्याकाळी बापलेक परतले. सासऱ्यांच्या एका डोळ्याला पट्टी होती. टर्पेंटाइनचा वास येताच ते उंबऱ्यातच थबकले. "सावली दिलीस?"

सूनबाईने रडत रडत सगळं सांगितलं. "झोप लागली असेल तुला," नवरा म्हणाला, पण बसमधल्या ताईचं ऐकताच त्याने बबडीला जवळ ओढलं. त्याची थोरली बहीण सहा वर्षांची असताना याच दुकानातून नाहीशी झाली होती. कुणी म्हणालं होतं, बसच्या खिडकीत दिसली. गावोगावचे बसथांबे पालथे घातले होते. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"फ्रॉक कसला होता गं तिचा?" सासऱ्यांनी नातीला विचारलं.

"हिरवा. खिसा फाटलेला."

"तोच!" म्हणत सासरे मागच्या खोलीकडे वळले. "सावली मी त्याच दिवशी पुसली होती, हाका मात्र रस्त्यांवर मारल्या," ते पुटपुटले. "सगळ्या रस्त्यांवर..."

नवरा कुऱ्हाड घेऊन आला. सासरे फळीला पाठ लावून उभे राहिले. "फोडलीस तर ती उतरणार कुठे?"

"बाबा, पाया पडते," सूनबाई म्हणाली. "पोरीची आई आहे मी. ही फळी घरात नको."

"आणि मी कोण आहे, सूनबाई?"

शेवटी नवऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली. फळी भिंतीकडे तोंड करून दोराने बांधली. खोलीला कुलूप लागलं. रोज दुपारी सासरे त्या दाराशी बसून हळू आवाजात एकच नाव घेत. सूनबाई बबडीला क्षणभरही नजरेआड करत नसे.

पट्टी निघाली त्या दिवशी सासरे सूनबाईला म्हणाले, "एकदाच बघू दे. मग तू म्हणशील ते करू."

नवऱ्याने दोर सोडला. दोघा पुरुषांनी फळी वळवली. सूनबाईने बबडीचा हात घट्ट धरला होता. चाकांखाली काही नव्हतं. तिने श्वास सोडला. मग तिची नजर वर गेली.

चौथी खिडकी धुरकट झाली होती, थंडीत काचेवर तोंडाची वाफ धरते तशी. नवऱ्याने फडक्याने पुसून पाहिलं. जाईना. वाफ आतून होती.

सासऱ्यांनी तळवा काचेवर ठेवला आणि हाक मारली.

काही झालं नाही. मग त्या वाफेवर, आतून, एक बारीक रेघ उमटली. रेघ वळली, गोल झाली. शेजारी दुसरा गोल. चाकं. त्यांच्याखाली काहीतरी वेडंवाकडं गिरवलं गेलं, पुसलं गेलं, पुन्हा गिरवलं गेलं.

बबडीने सूनबाईचा हात ओढला.

"आई," ती कुजबुजली, "ताईला सावली नीट जमत नाहीये. मी शिकवू?"