गुलबक्षीच्या कुंच्या

कळ्यांना कुंच्या बांधलेल्या, असं बकुळेनं जन्मात पाहिलं नव्हतं. धार दरबारच्या बागेत, गुलबक्षीच्या ताटव्यात, कितीतरी कळ्या मलमलीच्या इवल्याशा पिशव्यांत कोंडलेल्या! बकुळा बागेवरच्या दारोग्यांची, उदाजीरावांची लेक. फुलांची माया तिच्या हाडीमासी. तिनं चटकन एक गाठ सोडली...

"ठहरा, ठहरा! हे काय करून राहिलात?"

१९११च्या दिल्ली दरबाराच्या पुढचं साल होतं ते. पुण्याहून शेतकी शिकून आलेले देवासचे मालोजीराव नुकतेच बागेत रुजू झाले होते. हातात कुंचला, आणि लांब, बाकदार नाकाच्या शेंड्यावर पिवळा पराग. बकुळेला हसू आवरेना.

"बिचाऱ्या गुदमरत होत्या..."

"बिचाऱ्यांचं लग्न लावलं होतं मी! दोन गुलाबी झाडांची जोडी. आता एखादं पाखरू कुणाचाही पराग आणून टाकील. तुमच्यामुळं मला आणखी एक वर्ष धारेत काढावं लागणार!"

"मग ही शिक्षा तुम्हाला की मला?" तिनं डोळे वर करून विचारलं. ते डोळे घारे होते. मालोजीरावांनी उगाच कुंचला झटकला.

भरपाई म्हणून बकुळा नव्या कुंच्या शिवून देऊ लागली, कळ्यांना बांधूही लागली. संध्याकाळी गुलबक्षी उमलायच्या वेळी, वडील पलीकडे माळ्यांची हजेरी घेत असताना, दोघांचं बोलणं चाले. सगळ्यांदेखत बोलायचं, म्हणून विषय आपला फुलांचा.

एकदा मालोजीरावांनी सूक्ष्मदर्शकाखाली कोवळी कळी चिरून धरली. "पराग तयार होतोय. हे गुण वाहून नेणारे धागे दिसतात का? जोडीजोडीनं असतात. प्रत्येक जोडीत एक आईकडचा, एक बापाकडचा. आधी दोघं बिलगतात, थोडं आपलं देतात, थोडं दुसऱ्याचं घेतात. मग दोनदा वाटणी. एका पेशीच्या चार होतात, आणि प्रत्येकीत धागे निम्मेच. कुणाच्या वाट्याला कुठला धागा, नेम नाही. म्हणून तर सख्खी भावंडंही एकसारखी नसतात."

"मग तुमच्या देवाससारखंच की! थोरली पाती, धाकटी पाती... एका गावाची दोन संस्थानं."

"फरक आहे ना. देवासची वाटणी झाली ती झाली. इथं निम्म्याला दुसरा निम्मा भेटला — की पुन्हा पुरं होतं." आणि बोलून स्वतःच लाजले.

बकुळा हसली नाही. हळूच म्हणाली, "मग... काळ्या डोळ्यांच्या आईबापांना घारी मुलगी होते?"

गेल्या माघात सोनकच्छचे पाहुणे तिला बघायला आले होते. तिचे डोळे पाहिले, आईबापांचे पाहिले, 'कुणावर गेली हो?' म्हणाले आणि सरबताला न शिवता उठले. तेव्हापासून तिची आई, सावित्रीबाई, कुणाकडे हळदीकुंकवालाही गेल्या नव्हत्या. मोडलेल्या सोयरिकीचं बकुळेला काही वाटत नव्हतं. आईची खाली गेलेली मान मात्र तिला बघवत नव्हती.

"होते," मालोजीराव ठामपणे म्हणाले. "काळा रंग घाऱ्याला झाकून ठेवतो. आईपाशी एक झाकलेला, वडिलांपाशी एक झाकलेला. दोन्ही नेमके भेटले, की घारे डोळे. गुलबक्षी भोळी, तिला झाकता येत नाही; लाल आणि पांढरा मिळून ती गुलाबी दिसते. पण वाटणी तीच. पुढच्या वर्षी बीच साक्ष देईल."

पुढच्या वर्षी त्या बियांची झाडं फुलली. त्याच सुमाराला मालोजीरावांच्या आईसाहेब देवासहून बकुळेला बघायला आल्या.

"मान वर करू नकोस हं, बाळे," सावित्रीबाईंनी बजावलं.

"वर बघ, मुली," आईसाहेब म्हणाल्या. "अगं बाई! हे डोळे कुणाचे?"

सावित्रीबाईंनी मान खाली घातली. बकुळा पाटावरून उठली, आईसाहेबांचा हात धरून सरळ बागेतल्या ताटव्यापाशी घेऊन गेली. पाठोपाठ सगळे.

"या सगळ्या झाडांचे आईबाप दोन्ही गुलाबी होते, आईसाहेब. आणि ही त्यांची लेकरं."

बरीच गुलाबी होती, काही लाल, आणि मधूनमधून पांढरीशुभ्र.

"पांढरीसुद्धा त्यांचीच. कुंची मी माझ्या हातानं बांधली होती. बाहेरचा कणसुद्धा आत गेलेला नाही." तिचे घारे डोळे खाली गेले नाहीत.

आईसाहेबांनी पांढरं फूल पाहिलं, तिला पाहिलं, मग लेकाकडे वळल्या. "आमच्या मालोजीचं हे नाक दोन्ही घराण्यांत कुणाचं नाही. पंचवीस वर्षं मी कुणाची विचारायची छाती होऊ दिली नाही! चला विहीणबाई, साखर वाटा. आणि काय गं, तुझ्यामुळं हा वर्षभर इथं अडकला म्हणे?"

"चूकच झाली माझी..."

"चूक कसली," मालोजीराव पुटपुटले. "दोनशे कळ्या बांधल्या होत्या. एक मोजणीतून वगळली की झालं."

"म्हणजे? मग वर्षभर माझ्याकडून कुंच्या शिवून का घेतल्यात?"

मालोजीराव बाकदार नाकापासून कानापर्यंत लाल झाले. "तुम्ही मान खाली घालून शिवत होतात... आणि टाका संपला की वर बघत होतात. तेवढ्यासाठी."

आता मात्र बकुळेची मान खाली गेली.

"पुरे झाल्या फुलांच्या कुंच्या," आईसाहेब म्हणाल्या, "आता पुढच्या कुंच्या आमच्या नातवंडांना शीव!"

सगळ्यांत आधी हसल्या त्या सावित्रीबाई. चांगली मान वर करून हसल्या.