तिसरी बाटली

ब्रेक ऑइलच्या बाबतीत मिस्त्री भलताच कडक. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, तो सुनावायचाच, "दोन वर्षं झाली की बदला. हे तेल हवेतली ओल ओढतं. लांब उतारावर ब्रेक तापले की ती ओल उकळते, वाफ होते, आणि पाय दाबला तरी गाडी थांबत नाही."

लोकांना वाटे, भाऊ गेल्याचा धसका घेतलाय बिचाऱ्याने. कसला धसका! दादाच्या गाडीचं तेल बदलताना त्याने बॉनेटखालच्या डबीतलं काळं तेल तेवढं उपसून नवं ओतलं होतं. चाकांकडे जाणाऱ्या नळ्यांना हातच लावला नव्हता. घरचीच तर गाडी, पुढच्या वेळी करू. आठ दिवसांनी दादा डोंगर उतरताना गेला. वेगात असणार, लोक म्हणाले. मिस्त्रीने मान डोलावली.

त्या दुपारी वहिनी स्वतःची गाडी घेऊन गॅरेजवर आली.

"भावजी, लेकीला होस्टेलवर सोडायचंय. आजच डोंगर उतरायचाय, तेवढं ब्रेकचं बघा. ह्यांच्यासारखी मी काही गाडी उधळत नाही, पण तरी."

मिस्त्री बॉनेट उघडून कामाला लागला.

हे काम एकट्याचं नव्हे. एकाने आत बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने चाकाशी नळीचं तोंड उघडून जुनं तेल काढायचं. पूर्वी आत दादा बसे. आज वहिनी बसली.

"दाबा."

"दाबलं."

काळं तेल बाटलीत उतरलं.

"सोडा."

अख्ख्या गाडीत जेमतेम दोन बाटल्या तेल मावतं. इथे पहिल्याच चाकाशी दोन भरल्या, तरी धार काळीच. तो उठून पुढे गेला. डबी काठोकाठ भरलेली, टिपूसही कमी झालं नव्हतं. बॉनेट उघडं असल्याने आत कोण ते दिसत नव्हतं. त्याने तिसरी बाटली लावली. गाडी केव्हाची थंड झाली होती, पण बाटली हाताला चटका देत होती. वहिनी आता उत्तर देत नव्हती. ब्रेक मात्र बरोबर वेळेवर दाबला जात होता.

त्याने सहज गाडीखालून पलीकडे पाहिलं. गॅरेजच्या दारात वहिनीचे पाय दिसले. ती लेकीशी फोनवर बोलत होती.

"दाबा," तो पुटपुटला.

ब्रेक दाबला गेला.

"दादा?"

धार तशीच.

"दादा, मी नुसती डबी भरली होती रे. नळ्या तशाच ठेवल्या. तू वेगात नव्हतास."

तेल स्वच्छ झालं. पाण्यासारखं.

"काय म्हणालात, भावजी?" वहिनी चाकाशी येऊन उभी होती.

"कुठे काय. आपलं स्वतःशीच."

बाटलीत पुन्हा काळी धार लागली.

"वहिनी, आजचा दिवस गाडी राहू द्या."

"का? काय बिघडलंय?"

सांगायचं तर सगळंच सांगावं लागलं असतं. त्याला स्वतःची शिसारी आली.

"काही नाही," तो म्हणाला, आणि पान्याने नळीचं तोंड आवळलं.

वहिनी आत बसली.

"अगंबाई, सीट कोणी मागे सरकवली? ह्यांची असायची तेवढी मागे गेलीये." तिने कळ ओढून दोनदा जोर लावला. सीट हलली नाही. "असू दे. माझे पाय ब्रेकपर्यंत पोचतात कसेबसे."