दोन पुरुष पाणी

"बाई, खोटं कोण बोलतंय? उपग्रह की माणसं?"

पाणीखात्याच्या तपासनीस बाईंना भल्या सकाळी वरिष्ठांचा फोन आला. उपग्रहाच्या ताज्या चित्रात तळं हिरवंगार होतं. विषारी शेवाळ. स्वयंसेवकांची नोंद मात्र सांगत होती, जुन्या धक्क्यापाशी पाणी नितळ. दोरीला बांधून सोडलेली पांढरी तबकडी दोन पुरुष खोलीपर्यंत दिसते. उद्या त्याच तळ्यात मुलांची पोहण्याची शर्यत होती.

बाई आधी धक्क्यावर गेल्या. तिथली एकुलती होडी चिखलात कलंडली होती. परतून बूट पुसले आणि नोंदी ठेवणाऱ्या तळेमित्र मंडळाच्या कार्यालयात शिरल्या. भिंतभर अध्यक्षांच्या सत्काराचे फोटो. तळ्याचा एकही नव्हता.

कोपऱ्यात अध्यक्षांची सून लेकीच्या पोहण्याच्या पोशाखावर शर्यतीचा क्रमांक शिवत होती. मंडळाची चिटणीसही तीच, बिनपगारी.

"उपग्रहाला काय कळतं?" अध्यक्ष म्हणाले. "ढगाची सावलीही त्याला शेवाळ वाटते."

"नोंद कोणाची?"

"हिची. चुकली असेल तर हिलाच विचारा."

उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळी हरवली की बोट दुसऱ्याकडे. असली माणसं बाईंनी ढिगाने पाहिली होती.

"बाबा आकडा सांगतात, मी भरते," सून म्हणाली.

"हे आपलं हिचं म्हणणं. घरात बसून कुणी काहीही भरावं!"

बाईंनी सूर बदलला. "खरंय. इतकी नेमकी मोजणी येऱ्यागबाळ्याचं काम नाही."

अध्यक्ष फुलले. "तेच तर! ती मी स्वतः करतो. काल सकाळी धक्क्यावरून होडी काढली, थोडं वल्हवलं, तबकडी सोडली."

"कुठली होडी?"

"धक्क्यावरची. दुसरी आहे कुठे?"

"ती चिखलात रुतलीय. तळं आटलंय, साहेब. धक्क्यापुढे नुसता गाळ, त्यापुढे पाणी गुडघाभर, पोहण्याजोगं पार मध्यावर, तेही हिरवं. मी आत्ताच उतरून आले. गुडघाभर पाण्यात तबकडी दोन पुरुष खाली गेली कशी? आकडा तुम्ही जुनाच दिलात. तळ्याकडे फिरकलाही नाहीत. सूनबाईंनी सांगितलं तेच भरलं."

अध्यक्षांनी घाम पुसला. लाज नव्हती ती, हिशेब चालला होता.

"पाहुणे यायचेत हो. शर्यतीनंतर माझा सत्कार आहे. थोडंसं शेवाळ पोटात गेलं म्हणून मुलं काय मरतात?"

सुनेची सुई थांबली. त्या मुलांत तिची लेकही होती, म्हणजे यांचीच नात.

"शर्यत ठेवू या, बाबा," ती शांतपणे म्हणाली. "आधी तुम्ही उतरा. सगळ्यांसमोर दोन घोट प्या. मग मुलांना सोडू."

अध्यक्ष खाली बसले. सुनेने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. फोन उचलला आणि एकेका आईला शर्यत रद्द झाल्याचं कळवायला लागली. कारण विचारणाऱ्या प्रत्येकीला तिने सासऱ्यांचं नाव सांगितलं.