'बसा' न म्हणणारं घर

"हां भाई... काले बेसवानुं छे एमने. ना ना, भूख्या ज लावीश."

नयना ओट्याला टेकून, पाठमोरी, दबक्या आवाजात फोनवर बोलत होती, आणि शाळेतून नुकत्याच आलेल्या जयश्रीच्या हातातली चिकूंची पिशवी स्वयंपाकघराच्या दारातच निसटली. चिकू फरशीवर घरंगळत गेले. नयना दचकून वळली, फोन ओढणीआड गेला. "मोटाबेन, तुम्ही कधी आलात?" एवढंच नणंदेला विचारून ती खाली वाकली आणि चिकू गोळा करू लागली.

डहाणूत जन्म गेलेल्या माणसाला गुजराती वेगळी शिकावी लागत नाही. जयश्रीला शब्द न् शब्द कळला होता. उद्या त्यांना बसायचंय, उपाशीच आणीन. त्यांना, म्हणजे प्रविणला. तिच्या धाकट्या भावाला, जो नयनाचा नवरा नंतर झाला होता... आधी जयश्रीचा लेक होता!

या घरात 'बसणं' हा शब्द वर्षानुवर्षं कुणी उच्चारला नव्हता. पाहुणा आला की त्याला 'टेका जरा' म्हणायचं, 'पंख्याखाली या' म्हणायचं, पण 'बसा' म्हणायचं नाही. नव्या माणसाला गंमत वाटे. कारण मात्र गमतीचं नव्हतं. जयश्रीचे वडील, अण्णा, पोस्टातून सुटले की कुणाबरोबर तरी 'बसायला' जात. कधी ताडीला, कधी बाटलीला. "आज जरा बसलो होतो," असं म्हणत झोकांड्या खात घरी येत, आणि असे बसता बसता एक दिवस ते उठलेच नाहीत. आईने त्या दिवशी तो शब्द घराबाहेर काढला. आईच्या मागे जयश्रीने तो बाहेरच ठेवला.

तिने काय काय बाहेर ठेवलं होतं! बोर्डीहून चालून आलेलं चांगलं स्थळ, 'भाऊ लहान आहे' एवढ्या तीन शब्दांवर. स्वतःची हौस, स्वतःचं तारुण्य... कैनाडच्या शाळेत मुलं शिकवायची आणि संध्याकाळी दारात उभं राहून प्रविणची वाट पाहायची. तो आला की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायचा आणि मगच त्याला आत येऊ द्यायचं. त्याला रेल्वेत नोकरी लागली तेव्हा देव्हाऱ्यापुढे उभं करून तिने शपथ घ्यायला लावली होती की तो जन्मात कुठल्या नशेला शिवणार नाही. आणि त्याने ती पाळली होती, अगदी त्या घोलवडजवळच्या दुपारनंतरही.

त्या दुपारी प्रविण मालगाडी चालवत होता. डोक्यावर लाकडांची मोळी घेतलेली एक बाई रुळांवर आली. त्याने हॉर्न दिला, ब्रेक लावला, पण भरलेली मालगाडी अशी कुणाच्या सांगण्याने थांबत नाही. शेवटच्या क्षणी बाईने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्यानंतर प्रविणने जणू कुणाकडेच पाहिलं नाही. रजेवर घरी आला तो भिंतीकडे तोंड करून पडला. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, गोळ्या बदलून झाल्या. एकदा मागच्या वाडीत नयनाने वेळेवर हाक मारली नसती तर... त्या विचाराशी आलं की जयश्रीचं मन पुढे जायलाच तयार होत नसे.

आणि आता हे. गेले काही आठवडे दोघं मधूनच सकाळी बाहेर पडत होते. "वापीला डॉक्टरकडे," नयना सांगे, खाली मान घालून. परत येत तेव्हा प्रविणचे डोळे भलतीकडेच असत, पाऊल धड पडत नसे, नयना त्याला दंडाला धरून आणी. जयश्रीने एकदा त्याचा शर्ट गुपचूप नाकाशी नेला होता. दारूचा वास नव्हता! त्याने तिचा जीव भांड्यात पडायला हवा होता, पण उलट संशय दुप्पट झाला. गुजरातेत दारूबंदी. तिकडची माणसं गाड्या भरभरून इकडे तलासरीला बसायला येतात, हे तर इथलं शेंबडं पोरही जाणतं. मग हा इकडचा माणूस तिकडे कशाला बसायला जाईल? तिथे जे मिळतं ते दारूपेक्षा वाईट असणार. शिवाय नयनाचं माहेर पलीकडे, भाऊ वापीला... सगळं कसं जुळत होतं!

त्या संध्याकाळी तिने प्रविणला कुशीवर वळून पुटपुटताना ऐकलं आणि त्यातला 'केटामीन' हा शब्द पकडला. फोनवर शोधला. परदेशातल्या पार्ट्यांत तरुण मुलं नशेसाठी घेतात, असं पहिल्याच ओळीत आलं. दुसरी ओळ वाचायला तिचे डोळे कोरडे राहिले नाहीत.

सकाळी तुक्याची भाड्याची इको गाडी फाटकाशी लागली तेव्हा जयश्री दारात आडवी उभी होती.

"काय देतेस तू माझ्या भावाला?"

नयनाचा चेहरा पांढरा पडला.

"बाप नशेने गेला म्हणून मी याला तळहातावर वाढवला गं... आणि तू? तूच त्याला नशेला लावलंस! कशाने झोपवून ठेवतेस त्याला? तुला सुटका हवीय का त्याच्यापासून?"

नयनाच्या डोळ्यांतून धारा लागल्या. तरी ती गप्पच. तिच्या त्या गप्प राहण्याचाच जयश्रीला अधिक संताप आला.

"ताई, तिला बोलू नको," प्रविण मागून म्हणाला. कितीतरी दिवसांनी तो आपणहून बोलला होता. "तू चल आमच्याबरोबर."

"येणारच आहे. मला डोळ्यांनी बघायचंय."

शाळेत रजा कळवून ती पुढच्या सीटवर चढली. चारोटीला हायवे लागला. तलासरीच्या पुढे रस्त्याकडेच्या बारांसमोर सकाळीच गुजरातच्या नंबरप्लेटी उभ्या होत्या. जयश्रीने तोंड फिरवलं. आरशात तिला मागची दोघं दिसत होती. नयना प्रविणच्या तळव्यावरून अंगठा फिरवत होती, सारखी, न थांबता. नाटकी कुठली, असं तिच्या मनात आलं, आणि तरीही नजर त्या अंगठ्यावरून हलेना.

वापीला पोचल्यावर पाहिलं तर तिने मनात रंगवलेली अंधारी खोली तिथे नव्हती. नयनाच्या भावाने शोधून दिलेला साधा दवाखाना होता. एक पलंग, रक्तदाब मोजायचं यंत्र, सलाईनचा स्टँड, डोळ्यांवर बांधायची मऊ पट्टी. मधल्या वयाच्या डॉक्टरबाई मराठी बोलत होत्या.

"नशाच आहे ना ही?" जयश्रीने थेट विचारलं.

"गैरवापर केला तर आहे," डॉक्टरबाई शांतपणे म्हणाल्या. "तुमचा संशय चुकीचा नाही. ऑपरेशनला भूल देतात तेच औषध आहे, आम्ही अगदी थोडं देतो. दुसऱ्या कशानेच उतार पडला नाही म्हणून. त्याने मनाची घट्ट मूठ थोडा वेळ सैल होते, काही दिसतं, भासतं. त्या आधी आणि नंतर आम्ही बोलतो, खरं काम ते आहे. उपचाराला बसायच्या दिवशी उलटी होऊ नये म्हणून उपाशी आणायचं, आणि घरचं कुणीतरी जवळ बसायचं. सगळ्यांना लागू पडतं असंही नाही. प्रविणना अजून पडलेलं नाही."

"का नाही?"

डॉक्टरबाईंनी प्रविणकडे पाहिलं. "तुम्ही सांगता?"

प्रविण पलंगाच्या काठावर होता.

"एक दार दिसतं, ताई. आपल्या घरासारखंच. त्याच्या पलीकडे ती बाई आहे, मला ठाऊक आहे. मला तिच्याकडे जायचंय, तिला सांगायचंय की मी हॉर्न दिला होता... पण दारात तू उभी असतेस."

"मी?"

"दर वेळी. तू काही बोलत नाहीस. नुसता माझ्या तोंडाचा वास घेतेस. आणि मग मी परत फिरतो."

जयश्रीने दोन्ही हातांनी खुर्चीची पाठ धरली. जे दार तिने भावाला वाचवण्यासाठी अडवलं होतं, त्याच दारापाशी तो अडकून पडला होता! आणि ती घरी उभी राहून दुसऱ्याच कुणावर संशय घेत होती...

"शपथ मोडली मी तुझी," तो म्हणाला. "म्हणून नयनाला सांगितलं, ताईला कळलं तर मी पुन्हा इथे पाऊल ठेवणार नाही. ती बिचारी..."

जयश्री वळली. नयना कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. सकाळी जे ऐकून घेतलं त्याला एका वाक्यात उत्तर देता आलं असतं तिला! दिलं नाही. नवऱ्याचं येणं थांबू नये म्हणून तिने स्वतःवर तो घाणेरडा आळ राहू दिला होता. आजवर आपणच एकटीने या मुलासाठी सोसलं, असा जयश्रीचा किती अभिमान होता...

"नयना," तिचा आवाज फुटला, "मी तुला काय काय बोलले गं..."

"मोटाबेन, ते मागून बोलू," नयना डोळे पुसत म्हणाली. "आता त्यांना उशीर होतो."

नर्सने सुई लावली. पट्टी डोळ्यांवर आली. नयना सवयीने पलंगाजवळच्या स्टुलाकडे निघाली, आणि जयश्रीने तिचा हात धरला.

"आज मी बसते."

तोंडातून तो शब्द गेल्यावर तिचं तिलाच कळलं. पट्टीखाली प्रविणचे ओठ हलले. जयश्री स्टुलावर बसली, त्याचा हात तिने मांडीवर घेतला, आणि नयना करत होती तसा तळव्यावर अंगठा फिरवू लागली.

बऱ्याच वेळाने तो लांबून बोलल्यासारखा बोलला. "ताई... दारात कोण आहे?"

"कुणी नाही रे. मी इथे बसलेय तुझ्याजवळ. तू जा."

मग पट्टीच्या कडेतून पाणी ओघळलं. "मी हॉर्न दिला होता हो... दिला होता..." असं म्हणत तो रडू लागला, घोलवडच्या त्या दुपारनंतर पहिल्यांदा, हुंदके देऊन, लहान मुलासारखा. डॉक्टरबाईंनी खुणेने जयश्रीला सांगितलं, थांबवू नका. तिने थांबवलं नाही. तिचेही गाल भिजत होते आणि अंगठा फिरत होता.

तो बरा झाला असं डॉक्टरबाई म्हणाल्या नाहीत. अजून यावं लागेल, एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी घरी प्रविण खिडकीकडे तोंड करून झोपला होता. भिंतीकडे नव्हे. नयना चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली आणि नेहमीसारखी ओट्याला टेकली. जयश्रीने कोपऱ्यातला पाट ओढला, पदराने पुसला आणि तिच्यापुढे सरकवला.

"बस," ती म्हणाली.

नयनाने ओट्याचा आधार सोडला, पण ती पाटापाशी उभीच.

"बस गं. पुढच्या वेळी त्याच्याजवळ कोण बसणार, तू की मी, ते ठरवू."