थॉर्नले हॉलच्या पागेचा मनोरा

प्रिय बालवाचकहो, एका पागेच्या इमारतीने तीन मुलांना कोणते कोडे घातले आणि ते कसे सुटले, याचे यथातथ्य निवेदन पुढे सादर करीत आहे. घोडे, कौले आणि कष्ट यांखेरीज यात फारसे काही नाही. अपेक्षा त्या मानाने ठेवावी.

ऑगस्टचा शेवटचा आठवडा होता. ठाणांतला ओला पेंढा उपसून बारा वर्षांची हेस्टर इतकी दमली होती, की फावडे भिंतीला टेकवणेही तिला जड झाले. भाऊ बार्नबी आणि मैत्रीण विनी यांच्यासह ती यॉर्कशायरला आजोबांकडे सुट्टीला आली होती. परंतु घोडे खोकत होते, आणि मौज बाजूलाच राहिली. आजोबा, ॲम्ब्रोज थ्रेलकेल्ड, हे थॉर्नले हॉलच्या पागेत चाळीस वर्षे घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार. त्यांनी घोड्यांना बुरसटलेले गवत घातले, असा ठपका होता. चार वाजता कारभारी क्रॅडॉकसाहेब घोड्यांच्या डॉक्टरांना घेऊन येणार होते. ठपका खरा ठरला, तर आजोबांची नोकरी आणि बग्गीखान्यावरच्या दोन खोल्या, दोन्ही जाणार होत्या.

"गवत चांगलं आहे. मी वास घेऊन पाहिलाय," विनी म्हणाली.

"तू घोडा आहेस का?" बार्नबीने विचारले.

"नाही. पण गाढव ओळखता येतं मला."

हेस्टर मात्र वर पाहत होती. प्रत्येक ठाणाच्या छतात एक लोखंडी जाळी होती. तिला लोंबणारा कोळिष्टकाचा धागा जराही हलत नव्हता.

"आजोबा, ही जाळी कशाला?"

"घोड्यांची वाफ वर जायला. इथून लाकडी नळ माळ्यातून थेट मनोऱ्यात जातात. तिथल्या फटींतून ती बाहेर पडते."

"पण मनोरा तर घड्याळासाठी आहे ना?"

"घड्याळ मागाहून बसवलं, माझ्या वडिलांच्या वेळी. तेव्हापासून लोक तेवढंच बघतात." आजोबांचा आवाज थकलेला होता. "माझे गुडघे गेले, पोरी. सहा वर्षांत मी वर चढलेलो नाही."

तिघे गवताच्या माळ्यावरून मनोऱ्यात चढले. चारी बाजूंच्या फटींवर आतून फळ्या ठोकून डांबरी कापड ताणलेले होते! बार्नबीने नाल काढायचा चिमटा सरसावला.

"थांब," हेस्टर म्हणाली. "हे कारभाऱ्याच्या हुकमाशिवाय झालेलं नसणार. आत्ता काढलंस, तर तो म्हणेल इथं काही नव्हतंच. त्याच्या तोंडून वदवून घेऊ. मी खालून नळावर झाडू ठोकला, की काढा."

चार वाजता क्रॅडॉकसाहेब डॉक्टरांना घेऊन आले. "गवत दाखवा, थ्रेलकेल्ड. माझा वेळ घालवू नका."

"साहेब," हेस्टरने अदबीने विचारले, "मनोरा आतून इतका कोरडा कुणी केला हो?"

"मी," साहेब खुलले. "मार्चमध्ये पाऊस आत शिरून घड्याळ बंद पडलं आणि हॉलमधलं जेवण वीस मिनिटं उशिरा वाढलं गेलं. मग मी सगळ्या फटी बंद करून घेतल्या. त्यानंतर घड्याळ एक मिनिट चुकलेलं नाही."

डॉक्टर लिहायचे थांबले. "आणि खोकला कधीपासून?"

"एप्रिलपासून," आजोबा म्हणाले.

हेस्टरने नळावर झाडू ठोकला. वर लाकूड करकरले. कोळिष्टकाचा धागा थरथरला, वर उचलला गेला आणि जाळीतून दिसेनासा झाला. डॉक्टरांनी गवताची मूठ हुंगून खाली टाकली.

"गवत उत्तम आहे. क्रॅडॉक, तुम्ही घोड्यांचं नाक दाबून घड्याळ चालवलंत. मी चार वेळा इथं येऊन घसेच तपासत बसलो. वर बघितलं ते या पोरांनी. शाबास."

साहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "थ्रेलकेल्ड, नोकरी तुमचीच आहे. खोल्याही."

"बरं, साहेब," आजोबा म्हणाले. एवढेच.

चहासाठी चौघे वर गेले, तेव्हा मुलांना कळले. कपाट रिकामे होते. आजोबांनी सगळे कप आदल्याच दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरले होते. प्रत्येकाने एकेक कप कागदातून सोडवला.

"बाकीचे उद्या काढू," आजोबा म्हणाले, आणि त्यांनी किटली चुलीवर ठेवली.

हे निवेदन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
दत्ताराम सखाराम घोसाळकर